कुत्र्याच्या उलट्या: घरी थांबावे केव्हा आणि दवाखाना गाठावा केव्हा

कुत्रा पाळणाऱ्या घरात उलटी ही नवलाची गोष्ट नाही. माणसाच्या मानाने कुत्र्याचे पोट फार सहज उलटते. घाईघाईने गिळलेले जेवण, फिरायला नेताना रस्त्यावर उचललेले काहीबाही, भरपूर खाल्लेले गवत, यांपैकी काहीही पोटाला नकोसे झाले की ते बाहेर टाकून कुत्रा तासाभरात शेपटी हलवत पुन्हा भांड्यापाशी उभा राहतो. पण आतड्यात काही अडकणे, पार्व्हो हा विषाणूजन्य आजार, मूत्रपिंड निकामी होणे, गर्भाशयात पू साठणे किंवा उंदराचे विष पोटात जाणे, या सगळ्यांची सुरुवातही अनेकदा अशाच एका साध्या दिसणाऱ्या उलटीने होते. उलटी हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. ते कसे दडपावे याआधी ते कशामुळे उद्भवले आणि वाट पाहण्याइतका वेळ आपल्या हाताशी आहे का, हे ठरवावे लागते.

हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात उलटीची एखादी गोळी असतेच, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले तर पाच मिनिटांत तिचा डोससुद्धा कळतो. ती गोळी हातात घेण्यापूर्वी पुढील क्रमाने जावे.

आधी पाहावे: ताबडतोब निघण्याची लक्षणे

ज्यांचा कुत्रा या क्षणी आजारी आहे, त्यांनी निदान एवढा भाग आधी वाचावा.

सर्वांत तातडीची अवस्था अशी की जिच्यात उलटी होतच नाही. कुत्रा मान खाली घालून पोटाचा जोर लावतो, पुन्हा पुन्हा उमासे येतात, पण थोडा फेस किंवा लाळ यांखेरीज बाहेर काही पडत नाही, आणि बरगड्यांच्या मागे पोट फुगून टणक लागते. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ घेते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ही काही तासांत जीव घेणारी अवस्था असून तिच्यावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. अशा वेळी ओवा, सोडा किंवा गॅसचे औषध पाजण्यात वेळ घालवू नये. पाणीसुद्धा देऊ नये. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय आहे, तिथे फोन करून थेट तिकडेच निघावे.

याखेरीज पुढील परिस्थितीत घरी थांबू नये. उलटीत ताजे लाल रक्त आहे किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण आहेत. प्यालेले पाणीही टिकत नाही. काही तासांत तीनपेक्षा अधिक उलट्या झाल्या आहेत. कुत्रा उठत नाही, थरथरतो किंवा चालताना झोकांड्या खातो. उलटीला विष्ठेसारखी दुर्गंधी आहे. लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला उलटीबरोबर मरगळ किंवा रक्ताचे जुलाब आहेत. नसबंदी न झालेली मादी महिना-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेली असून आता फार पाणी पिते, सुस्त आहे आणि ओकते आहे. या शेवटच्या प्रकारात गर्भाशयात पू झालेला असण्याची दाट शक्यता असते, आणि योनीतून स्राव दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणे तर अधिकच धोक्याचे, कारण तोंड बंद असलेल्या गर्भाशयातला पू बाहेर येत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आधीपासून असलेल्या कुत्र्याच्या बाबतीतही दुसऱ्या उलटीची वाट पाहू नये.

एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आणखी एक शक्यता धरावी. दुपारी फिरवून आणलेला किंवा बंद गाडीत ठेवलेला कुत्रा जोरजोराने धापा टाकत ओकत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. मुंबईच्या दमट हवेत धापा टाकूनही शरीर पुरेसे थंड होत नाही, आणि पग, शित्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींत तर लवकरच हाताबाहेर जाते. नळाच्या साध्या पाण्याने त्याचे सगळे अंग भिजवावे, पंख्याचा वारा घालावा आणि गाडीचा एसी चालू ठेवून न्यावे.

पहिली पायरी: ही उलटीच आहे का

डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि बहुतेकांना त्याचे उत्तर नीट देता येत नाही. खऱ्या उलटीपूर्वी मळमळ दिसते: कुत्रा ओठ चाटतो, लाळ गळते, वारंवार गिळतो, या खोलीतून त्या खोलीत फिरतो, मग पोटाचे स्नायू जोराने आकसतात आणि अर्धवट पचलेले अन्न किंवा पिवळे पित्त बाहेर येते. याउलट काही वेळा कुत्रा कोणताही जोर न लावता मान खाली घालतो आणि न पचलेले अन्न, अनेकदा नळीच्या आकारात, तसेच्या तसे खाली पडते. हा दोष जठराचा नसून अन्ननलिकेचा असतो. अन्ननलिका सैल होऊन पसरणे किंवा तिथे हाडाचा तुकडा अडकणे ही त्याची कारणे आहेत. अशा कुत्र्याला उलटीच्या औषधाचा उपयोग होत नाही आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका राहतो.

तिसरा प्रकार खोकल्याचा. संसर्गजन्य खोकला झालेला कुत्रा घशात काही अडकल्यासारखा खोकत राहतो आणि शेवटी पांढरा फेस टाकतो. घरच्यांना वाटते उलटी झाली. काय घडते आहे याबद्दल शंका असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. तोंडी वर्णनापेक्षा त्यातून कितीतरी अधिक कळते.

दुसरी पायरी: पडलेले पाहावे, मग पुसावे

उलटी दिसताच आपला हात आधी फडक्याकडे जातो. त्याआधी एक छायाचित्र काढावे, शेजारी एखादे नाणे ठेवले तर आकाराचा अंदाजही येतो. उलटीत काही वेगळे दिसले, जसे की गोळीचे वेष्टन, पानाचा तुकडा, निळसर-हिरवट दाणे, जंत, तर ते हातमोजे घालून झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि बरोबर न्यावे.

पहाटे रिकाम्या पोटी पडलेले पिवळे पाणी म्हणजे पित्त होय. रात्रीचे जेवण लवकर झाले आणि सकाळपर्यंत पोट रिकामे राहिले की काही कुत्र्यांना असे होते. जेवणानंतर लगेच न पचलेले अन्न पडले तर घाईने खाणे हे कारण संभवते. पण जेवून आठ-दहा तास झाल्यावरही अन्न न पचता बाहेर आले, तर जठराच्या पुढे वाट अडलेली असू शकते. पिल्लाच्या उलटीत शेवयांसारखे लांब पांढरे जंत दिसले तर गोलकृमींची बाधा उघड आहे, आणि तिचे औषध पिल्लाच्या वजनानुसारच ठरवून घ्यावे लागते.

तिसरी पायरी: कुत्रा तपासावा

ओठ वर उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी आणि ओलसर असायला हव्यात. बोटाने एका जागी दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. फिकट, विटकरी लाल, निळसर किंवा पिवळसर रंग हे दवाखान्याचे निमंत्रण समजावे. बोट चिकटते इतक्या हिरड्या कोरड्या असतील, किंवा खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर शरीरातले पाणी कमी झालेले आहे. वयस्क आणि हडकुळ्या कुत्र्यांत कातडीची ही परीक्षा फसवी ठरते. तिथे हिरड्यांवरच अधिक भरवसा ठेवावा.

ताप पाहण्यासाठी साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात हलकेच सरकवावे. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या दृष्टीने जो ताप, तो कुत्र्याचा नेहमीचा आकडा. नाक गरम आहे की गार यावरून काहीही ठरत नाही, मग ते कोणीही सांगो. पोट हलक्या हाताने दाबताना कुत्रा कण्हतो, अंग चोरतो किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवतो, तर पोटात वेदना आहेत.

शेवटी तोंड उघडता आले तर जिभेखाली पाहावे. संक्रांतीच्या सुमारास रस्तोरस्ती पडलेला मांजा, शिवणकामाचा दोरा, मासळीबाजाराजवळ सापडणारा गळाचा दोर यांचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकून उरलेला भाग आतड्यात गेलेला असू शकतो. असा दोरा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तरी ओढू नये. ओढल्याने आतडे चिरते.

चौथी पायरी: गेल्या दोन दिवसांचा हिशेब

कारण शोधताना घरातल्या प्रत्येकाला वेगळे विचारावे: आजीला, मुलांना, कामाला येणाऱ्या मावशींना, कुत्रा फिरवणाऱ्या मुलाला. "तू काय दिलेस?" असा दरडावून विचारलेला प्रश्न खरे उत्तर मिळू देत नाही. "त्याने काय काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगायचे आहे," असे म्हटले की हळूहळू यादी बाहेर येते.

आणि सणावारी ती यादी लांबच असते. गटारीच्या दुसऱ्या दिवशी मटणाच्या नळ्या आणि कोंबडीची शिजवलेली हाडे, होळीला तुपात भिजलेली पुरणपोळी, नाताळात वांद्र्याहून आलेला मनुकांचा केक, आणि वर्षभर कधीही सत्यनारायणाचा शिरा. शिऱ्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण प्रसाद नाही कसा म्हणायचा म्हणून तो कुत्र्यापुढे हमखास ठेवला जातो. त्यात दोन स्वतंत्र धोके आहेत. एक म्हणजे तूप: एकाच वेळी पोटात गेलेल्या भरपूर स्निग्ध पदार्थाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मग दिवसभर उलट्या, पोटदुखी आणि अन्नावर वासना नसणे असे चित्र दिसते. दुसरा धोका मनुका आणि बेदाणे यांचा. द्राक्षे, ताजी असोत वा सुकवलेली, काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील याचे सुरक्षित प्रमाण ठरवता येत नाही. यामागे द्राक्षांतले टार्टारिक आम्ल असावे असे अलीकडे मानले जाते. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते, म्हणून चिंचेचा कोळ घातलेली आमटी-भाताची उरलेली वाटीही कुत्र्याला देऊ नये.

अडकणाऱ्या वस्तूंत मुंबईचा म्हणून एक खास वाटा आहे. पावसाळ्यात चौपाटीवर आणि मरीन ड्राइव्हवर भाजलेली कणसे खाऊन टाकलेली असतात. लिंबू-मिठाचा वास लागलेले ते कणीस कुत्रा दोन-तीन तुकडे करून गिळतो. ते पचत नाही आणि लहान आतड्यात घट्ट बसते. आंब्याच्या कोयीचेही तसेच. सुरुवातीला कोय जठरात पडून असते, तेव्हा कुत्रा मधूनच एखादी उलटी करतो आणि एरवी बरा दिसतो. ती पुढे सरकून अडली की मगच सतत उलट्या सुरू होतात. म्हणून मे-जूनमध्ये कोय दिसेनाशी झाली असेल तर ते आठवडाभरानंतरही डॉक्टरांना सांगावे.

विष पोटात गेले असल्यास

इथे लक्षणांची वाट पाहणे हीच मोठी चूक ठरते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या च्युइंगगमने तासाभरात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चॉकलेट जितके गडद तितके अधिक विषारी. कांदा-लसणाने लाल रक्तपेशी फुटतात, पण अशक्तपणा दिसायला काही दिवस जातात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे बिघडवतात. इमारतीच्या बागेत शोभेसाठी लावलेल्या सायकसच्या बिया यकृतावर आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर आघात करतो.

उंदराच्या विषाचे प्रकार निरनिराळे असल्यामुळे रिकामे पाकीट हाती लागणे फार मोलाचे असते. सोसायटीने विष टाकले असेल तर रखवालदाराकडून किंवा कीटकनाशक फवारणाऱ्याकडून त्याचे नाव मिळवावे. रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या वड्या खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो आणि मग अंतर्गत रक्तस्रावाने कोसळतो. वेळीच गेल्यास व्हिटॅमिन के-१ ने तो वाचतो. झिंक फॉस्फाइडची करडी-काळी पावडर मात्र जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू सोडते. अशा कुत्र्याला काहीही खाऊ घालू नये, कारण अन्नाने आम्ल वाढते. त्याच्या उलटीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून खिडक्या उघडाव्यात आणि गाडीच्या काचाही खाली ठेवाव्यात.

पावसाळ्यात बागेतला भेक तोंडात धरल्यामुळेही कुत्र्याला अचानक फेसाळ लाळ आणि उलट्या होतात. त्याचे तोंड खाली झुकवून पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे, म्हणजे पाणी बाहेर वाहील आणि घशात जाणार नाही. मग दवाखान्यात न्यावे.

मीठ-पाणी पाजून कुत्र्याला ओकायला लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. रक्तातले मीठ वाढून मेंदूला सूज येते आणि कुत्रा विषाने नव्हे तर उपायाने दगावू शकतो. टॉयलेट क्लीनर, रॉकेल, टोकदार वस्तू यांच्या बाबतीत तर ओकवणे सर्वथा वर्ज्य आहे, कारण जाताना जी इजा झाली तीच परत येताना होते. इतर विषांत पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर इंजेक्शनने सुरक्षितपणे उलटी करवू शकतात. म्हणूनच घाई दवाखाना गाठण्याची करावी.

पाचवी पायरी: घरी करावयाची काळजी

हा भाग फक्त त्या कुत्र्यासाठी आहे जो प्रौढ आहे, एरवी निरोगी आहे, एकदा-दोनदाच ओकला आहे, ज्याच्या हिरड्या गुलाबी आहेत आणि जो आजूबाजूला लक्ष देतो आहे. सहा महिन्यांखालील पिल्लांना आणि अगदी लहान चणीच्या जातींना उपाशी ठेवू नये. त्यांची रक्तातली साखर लवकर उतरते, तेव्हा त्यांच्याबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे.

शेवटच्या उलटीनंतर सहा ते बारा तास अन्न बंद ठेवावे. पाण्याचे भरलेले भांडेही उचलून ठेवावे, कारण तहानलेला कुत्रा ते एका दमात संपवतो आणि ताणलेल्या पोटातून ते लगेच परत येते. तास-दोन तासांनी दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे या बेताने पाणी द्यावे, ते टिकले तर दर तासाने द्यावे आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. बर्फाचा लहान तुकडा चाटायला दिला तरी चालतो. न पिणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजने जबरदस्तीने पाणी ओतू नये. शहाळ्याचे पाणी थोडेसे देण्यास हरकत नसते, पण त्यात पोटॅशियम बरेच असल्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते टाळावे.

उलटी पुन्हा झाली नाही तर आहार सुरू करावा. दोन वाट्या गुरगुट्या भात आणि एक वाटी हाडे व कातडी काढलेले उकडलेले चिकन, असे प्रमाण ठेवावे. चिकन उकडलेल्या पाण्यावर आलेली चरबी गार झाल्यावर काढून टाकावी. आपल्याकडे आजारपणातला गुरगुट्या भात तूप-मीठ आणि मेतकुटाशिवाय कोणाच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून स्वयंपाकघरातून चिमूटभर काहीतरी त्यात पडतेच. कुत्र्याच्या भातात यांपैकी एकही गोष्ट पडू नये, हळद-हिंगाची फोडणीही नको. शाकाहारी घरात चिकनऐवजी कमी चरबीच्या दुधाचे ताजे पनीर आणि थोडा शिजवलेला लाल भोपळा वापरता येतो. ताजे दही पुष्कळ कुत्र्यांना मानवते. दूध मात्र मानवतेच असे नाही, तेव्हा ते देऊ नये.

पहिल्या वेळी नेहमीच्या जेवणाच्या पाव हिश्श्याइतकेच द्यावे आणि चार-सहा तासांनी पुन्हा तेवढेच. दोन दिवस उलटी नाही असे दिसले की नेहमीचे अन्न थोडे थोडे मिसळत चार-पाच दिवसांत पूर्ववत करावे. या काळात कधीही उलटी परत सुरू झाली, किंवा चोवीस तासांत कुत्र्याने अन्नाकडे पाहिलेही नाही, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत.

औषधांविषयी

मारोपिटंट आणि ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीवरची औषधे पशुवैद्य नेहमी वापरतात आणि ती गुणकारी आहेत. अडचण अशी की आतड्यात कोय अडकलेली असताना उलटी थांबवली, तर कुत्रा वरवर बरा दिसतो आणि मौल्यवान दिवस वाया जातो. डोमपेरिडोन व मेटोक्लोप्रमाइड ही औषधे तर पचनमार्गाची हालचाल वाढवतात. पुढची वाट बंद असताना त्यांनी अपाय होऊ शकतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीही घरच्या अंदाजाने देऊ नये.

सहावी पायरी: दवाखान्याकडे

निघण्यापूर्वी फोन करावा आणि सांगताना क्रम ठेवावा. उदाहरणार्थ: "लॅब्रॅडॉर आहे, नर, सहा वर्षांचा, वजन सुमारे तीस किलो. काल रात्री दहापासून चार उलट्या झाल्या. पहिल्या दोनमध्ये अन्न होते, नंतर नुसते पिवळे पाणी. पाणी टिकत नाही. शी कालपासून झाली नाही. लसी पूर्ण आहेत. परवा घरी आंबे होते, एक कोय सापडत नाही." एवढ्यावरून डॉक्टर एक्स-रेची तयारी ठेवू शकतात. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे.

रात्री-अपरात्री उपनगरातून कुठे जायचे हे आजारपणाच्या आधीच ठरवलेले असावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तिथेच १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. पण दहिसर किंवा मुलुंडहून ही अंतरे मोठी आहेत, त्यामुळे आपल्या भागातला रात्री उघडा असणारा एक दवाखाना शोधून त्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा आणि तिथे एक्स-रे, सलाइन व शस्त्रक्रिया यांची सोय आहे का हे विचारून घ्यावे. नेताना कुत्र्याचे तोंड पट्टीने बांधू नये. ओकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधले तर उलटी श्वासनलिकेत जाते.

तिथे बहुधा सलाइन, रक्ततपासणी, गरजेनुसार एक्स-रे आणि सोनोग्राफी, तसेच पिल्लू असेल तर पार्व्होची झटपट चाचणी होते. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही म्हणजे काही अडकलेले नाही असा अर्थ होत नाही. कापड, प्लॅस्टिक, कणीस साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली तर तो उगाच वाढवलेला खर्च समजू नये.

पार्व्हो निघाला तर घराचीही काळजी घ्यावी लागते. हा विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो व फिनाइलला दाद देत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी यांनी आधी धुऊन घेतलेली फरशी पुसावी, दहा मिनिटे तशीच ओली राहू द्यावी, आणि नवे पिल्लू त्या घरात आणण्याआधी त्याच्या लसी पूर्ण होऊ द्याव्यात. या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यायच्या असतात. एक टोचले म्हणजे झाले, ही समजूत अनेक पिल्लांच्या जिवावर बेतते.

वारंवार होणाऱ्या उलट्या

काही कुत्रे आठवड्यातून एकदा-दोनदा ओकतात आणि घरच्यांना त्याची सवय होऊन जाते. तीन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, वजन उतरू लागले किंवा पाणी पिण्याचे प्रमाण वाढले, तर मूत्रपिंड, यकृत, मधुमेह, आहाराची अ‍ॅलर्जी, आतड्याचा जुनाट दाह या दिशेने तपासणी करावी. केवळ पहाटेच पित्त पडत असेल तर झोपण्यापूर्वी थोडे खायला देऊन पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने थांबते. घाईने गिळणाऱ्यासाठी खाचांचे भांडे मिळते, किंवा जेवण मोठ्या ताटात पसरून द्यावे. लोणावळ्याच्या घाटात गाडी लागणाऱ्या कुत्र्याला निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, आणि प्रवासासाठीची गोळी डॉक्टरांकडून घेऊन ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात ताप, उलट्या, मरगळ आणि डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा असा कुत्रा आला की डॉक्टरांच्या मनात लेप्टोस्पायरोसिस येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराचे नाव शहरात घरोघरी पोहोचले. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरलेले जंतू पायावरच्या जखमेतून किंवा तोंडावाटे कुत्र्याच्या शरीरात शिरतात आणि मूत्रपिंडे व यकृत यांवर हल्ला करतात. वेळेवर प्रतिजैविके आणि सलाइन मिळाले तर कुत्रा वाचू शकतो, पण बाधित कुत्र्याच्या मूत्रातून घरातल्या माणसांनाही लागण होऊ शकते, म्हणून संशय असतानाच हातमोजे घालावेत आणि मूत्र पडलेली जागा जंतुनाशकाने पुसावी. पुराच्या पाण्यातून फिरवणे टाळावे, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेप्टोची लस दरवर्षी घ्यावी लागते. पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस सुरुवात केली तर पहिल्या सरीपूर्वी दोन्ही पूर्ण होतात.